व्हिडिओ गेमच्या दुकानाची फ्रँचायझी : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

वर्धा जिल्ह्यातील ज्या कुटुंबांनी गेल्या दोन पिढ्यांत कापूस-सोयाबीनच्या बेभरवशाच्या उत्पन्नातून मुले शिकविली, त्या शिक्षणाच्या बळावर नोकऱ्या मिळविल्या आणि नोकरीच्या पगारातून काटकसरीने थोडीबहुत शिल्लक बाजूला टाकली, त्या कुटुंबांपुढे ही शिल्लक कोठे गुंतवावी हा प्रश्न आज एका नव्या स्वरूपात उभा आहे. एकीकडे सेवानिवृत्तीची रक्कम हाती आलेले वडील असतात, दुसरीकडे पदवी पदरात पडूनही परगावच्या नोकरीत मन न रमलेला मुलगा असतो, आणि या दोघांच्या मध्ये, नाव आमचे, माल आमचा, शिकवणही आमची, तुम्ही केवळ जागा आणि भांडवल घाला, असे आश्वासन देणारी एखादी कंपनी येऊन उभी राहते. हे आश्वासन व्हिडिओ गेमच्या दुकानाचे असेल, तर मुलाच्या आवडीचा विषय आणि वडिलांच्या निश्चिंततेची गरज यांचा मेळ तेथे आपोआप बसल्यासारखा भासतो. हा मेळ खरा किती आणि भासमान किती, याचा साद्यंत विचार करारनाम्यावर सही होण्यापूर्वी होणे अगत्याचे आहे. कारण सही झाल्यानंतर जो विचार होतो तो बहुधा पश्चात्तापाचाच असतो.

प्रथम, फ्रँचायझी घेणारा मनुष्य नेमके काय विकत घेतो हे पाहिले पाहिजे. तो दुकान विकत घेत नाही, कारण जागा त्याची स्वतःची अथवा भाड्याची असते. तो धंदाही विकत घेत नाही, कारण गिऱ्हाईक अद्याप यायचे असते. तो विकत घेतो तो दुसऱ्याचे नाव ठरावीक मुदतीपर्यंत, ठरावीक हद्दीत आणि ठरावीक अटींवर वापरण्याचा अधिकार. त्या अधिकारासाठी तो आरंभी प्रवेशशुल्क भरतो, अनामत ठेवतो, कंपनीच्या नमुन्याप्रमाणे सजावट करतो आणि पुढे दरमहा विक्रीच्या काही टक्के रॉयल्टी देतो. आपल्या जिल्ह्याला ही व्यवस्था अगदीच अपरिचित नाही. मध्यप्रांताच्या काळात येथे मालगुजारी होती आणि ती १९५१ साली संपुष्टात आली; तिच्यात सरकारसाऱ्याची रक्कम दीर्घ मुदतीच्या बंदोबस्तात ठरून जाई, पीक आले काय आणि बुडाले काय, भरण्याची जबाबदारी मालगुजारावर राही, आणि सूट मिळाली तर ती सरकारच्या मर्जीने मिळे. ज्या करारात एकाचा हिस्सा आधी ठरतो आणि दुसऱ्याचा उरलेल्यातून निघतो, त्या करारात वाईट हंगामाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे या जिल्ह्यातील जुन्या घराण्यांना शिकविण्याची आवश्यकता नाही.

तथापि फ्रँचायझी ही पद्धतच त्याज्य आहे, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची अधिकृत केंद्रे तालुक्या-तालुक्यांत उभी राहिली. अनेक स्थानिक तरुणांनी अशी केंद्रे चालवून प्रपंच सावरले, कारण ज्या प्रमाणपत्राची मागणी शासकीय नोकरीच्या अटींतून उत्पन्न झाली होती ते प्रमाणपत्र अधिकृत केंद्रावाचून मिळत नव्हते. त्याच सुमारास रंगीत छायाचित्रे धुण्याची यंत्रे कर्ज काढून बसविलेल्या आणि कोडॅकच्या नावाची पाटी लावलेल्या दुकानांची अवस्था मात्र निराळी झाली. डिजिटल कॅमेरा आणि पाठोपाठ मोबाइल आल्यावर फिल्मच उरली नाही, आणि २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅक कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. नाव मोठे असूनही त्या नावाने विकला जाणारा पदार्थ कालबाह्य झाला तर नाव घेणाऱ्याचे संरक्षण होत नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचे पहिले उपांग असे की, व्हिडिओ गेमचे दुकान या दोहोंपैकी कोणत्या वर्गात पडते?

या मालाचा इतिहास थोडक्यात पाहण्याजोगा आहे. १९९० च्या दशकात आपल्या गावांतील मुलांना व्हिडिओ गेम ठाऊक झाला तो जपानी यंत्रांच्या स्वस्त नकलांवरून, ज्यांच्या एकाच कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याचा दावा वेष्टनावर छापलेला असे. त्यापुढील काळात प्लेस्टेशन २ आले, परंतु त्याबरोबर चोरट्या डिस्कांचा बाजारही आला, आणि अधिकृत विक्रेत्याला आपला जम बसविणे कठीण गेले. २००६ साली एक्सबॉक्स ३६० भारतात आला आणि पुढे मुंबईतील वितरक संस्थांनी ‘गेम्स द शॉप’ व ‘गेम फॉर यू’ यांसारखी किरकोळ विक्रीची नावे उभी केली. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, ज्यांना घाऊक आणि किरकोळ अशा दोन्ही विक्रीतला नफा मिळत होता त्या वितरकांनीही आपली दुकाने मुख्यतः महानगरांतील गजबजलेल्या मॉलांत काढली. जो मनुष्य यांतील केवळ किरकोळ नफ्यावर आणि तोही वर्ध्यासारख्या नगरात विसंबणार, त्याचा मार्ग त्यांच्याहून अधिक अवघड असणे ओघानेच आले.

दरम्यान खेळ डिस्कवरून तारेवर गेला. २०२१ च्या २ फेब्रुवारीस प्लेस्टेशन ५ भारतात विक्रीस आले, तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये आणि डिस्कची सोयच नसलेल्या यंत्राची ३९,९९० रुपये होती. त्याआधी २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एस या यंत्रातही डिस्क घालण्याची जागा नव्हती. अशा यंत्राचा धनी दुकानाची पायरी एकदाच चढतो; त्यानंतरचा प्रत्येक खेळ तो घरबसल्या थेट कंपनीकडून उतरवून घेतो. प्लेस्टेशनच्या पूर्ण खेळांच्या विक्रीत या मार्गाचा वाटा अलीकडच्या वर्षांत सत्तर टक्क्यांच्या घरात व त्यापुढे गेल्याचे सोनीचे स्वतःचे अहवाल सांगतात. जगातील या धंद्याची सर्वांत मोठी पेढी जी अमेरिकेची गेमस्टॉप, तिची दुकाने दहा वर्षांपूर्वी सात हजारांहून अधिक होती, ती २०२५ च्या आरंभी सुमारे ३,२०० वर आली. संगीताच्या बाबतीत आपल्याकडे हाच क्रम आधी घडून गेला आहे. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील म्युझिक वर्ल्ड २०१३ साली बंद झाले, आणि १९४८ पासून मुंबईच्या काळा घोडा भागात रसिकांचे तीर्थ बनून राहिलेले ऱ्हिदम हाउस २०१६ च्या फेब्रुवारीअखेर मिटले. ज्यांचे नाव, जागा आणि गिऱ्हाईक यांत काहीच उणे नव्हते अशा या दुकानांचा अंत व्यवस्थापकांच्या नालायकीने झाला नाही. विकावयाची वस्तूच दुकानावाचून घरी पोहोचू लागली म्हणून झाला.

नफ्याची रचनाही समजून घेतली पाहिजे, कारण दुकानाच्या काचेत जे सर्वांत आकर्षक दिसते तेच सर्वांत कमी देते. गेमस्टॉपच्या भरभराटीच्या काळातील जमाखर्च पाहिला तर नव्या यंत्रांवरील ठोक नफा दहा टक्के वा त्याहूनही कमी, नव्या खेळांवरील वीस-बावीस टक्क्यांच्या आसपास आणि वापरलेल्या खेळांवरील पंचेचाळीस टक्क्यांच्याही पुढे असे. म्हणजे त्या विराट धंद्याचा खरा आधार जुन्या डिस्कांची अदलाबदल हा होता. ही अदलाबदल चालावयास एकाच परिसरात हजारो यंत्रे आणि त्यांच्या धन्यांकडे खेळून झालेल्या डिस्कांचा मोठा साठा असावा लागतो; लहान नगरात तो नसतो, आणि डिस्क नसलेल्या यंत्रांचे प्रमाण वाढेल तसा तो सर्वत्रच आटत जातो.

आता जिल्ह्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे तेरा लक्ष, वर्धा नगराची एक लक्ष सहा हजार आणि हिंगणघाटाची एक लक्षाहून किंचित अधिक होती. आर्वी, पुलगाव, देवळी ही गावे याहून पुष्कळच लहान. अनुकूल गोष्टी नाहीत असे नव्हे. सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालये, हिंदी विश्वविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांमुळे परप्रांतांतील विद्यार्थी येथे वास्तव्यास असतात. पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे नियमित पगाराची कुटुंबे आहेत. परंतु या गिऱ्हाइकाला नागपूर फार जवळ आहे. रेल्वेने तास-सव्वा तासात तो सीताबर्डीला पोहोचतो, आणि तेथेही न जाता ऑनलाइन मागविलेले यंत्र त्याच्या वसतिगृहाच्या दारात येऊन पडते. ग्रामीण भागाची क्रयशक्ती तर कापूस बाजारात येईतो थांबलेली असते, त्यामुळे तेथील चैनीची खरेदी दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेमागे उरकते. रॉयल्टी, भाडे आणि कर्जाचा हप्ता मात्र आषाढातही तितकाच असतो. शिवाय २०१६ साली स्वस्त डेटा आल्यापासून आपल्याकडील बहुसंख्य तरुण मोबाइलवर खेळू लागले आहेत, आणि मोबाइलच्या खेळाला दुकानाची गरज मुळीच नाही.

या सर्वांचा परिणाम आकड्यांत कसा दिसेल, हे एका कल्पित हिशेबाने दाखविता येईल. समजा, वर्ध्याच्या मुख्य रस्त्यावरील अशा दुकानाचे भाडे, दोन नोकरांचे पगार, वीज आणि व्याज मिळून दरमहा पन्नास हजार रुपये खर्च आहे, आणि यंत्रे, डिस्क व कंट्रोलरसारखे सुटे सामान यांवर सरासरी बारा टक्के ठोक नफा सुटतो. दुकान स्वतःच्या नावाने चालविले तर खर्च भरून निघण्यास महिन्याला सुमारे ४,१७,००० रुपयांची विक्री पुरेल. आता हेच दुकान दुसऱ्याच्या नावाने चालवावयाचे, विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी द्यावयाची आणि पाच लाखांचे प्रवेशशुल्क पाच वर्षांत वसूल करावयाचे म्हटले, तर नफा बारावरून सात टक्क्यांवर येतो, मासिक खर्च ५८,३३३ रुपये होतो, आणि केवळ तोटा टाळण्यासाठी लागणारी विक्री ८,३३,००० रुपयांवर जाते. पाच टक्के हा आकडा कागदावर लहान दिसतो. परंतु तो विक्रीवरचा आहे, नफ्यावरचा नाही, आणि बारा टक्के नफ्याच्या धंद्यात तो नफ्याचा चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा घेऊन जातो. मालकाच्या घरखर्चासाठी अद्याप यात एक रुपयाही धरलेला नाही. म्हणून फ्रँचायझी घेणाऱ्याने स्वतःला विचारावयाचा प्रश्न, हे नाव चांगले आहे काय, एवढाच नाही; हे नाव माझी विक्री दुप्पट करील काय, हा तो प्रश्न आहे.

नाव काहीच देत नाही, असे म्हणणे एकांगीपणाचे होईल. प्लेस्टेशन ५ च्या आरंभीच्या महिन्यांत यंत्रांची टंचाई इतकी होती की आगाऊ नोंदणी सुरू होताच काही मिनिटांत संपे. अशा वेळी ज्याच्या मागे वितरक आहे त्याला माल मिळण्याची शक्यता एकट्या दुकानदाराहून अधिक असते. अस्सल माल, पक्की पावती आणि कंपनीची हमी यांविषयी गिऱ्हाइकाच्या मनात जो विश्वास लागतो तो नावामुळे लवकर उत्पन्न होतो, आणि अननुभवी तरुणाला हिशेब, मांडणी व साठा यांची शिस्तही लागते. हे लाभ खरे आहेत. पण त्यांतील पुरवठ्याचा लाभ करारात लेखी असेल तरच तो लाभ. तोंडी असेल तर ती केवळ शुभेच्छा होय.

कायद्याच्या बाजूने पाहता स्थिती अधिकच चिंतनीय आहे. अमेरिकेत १९७८ च्या, आणि २००७ साली सुधारलेल्या, संघीय नियमानुसार आज फ्रँचायझी विकणाऱ्याला सही अथवा रक्कम घेण्यापूर्वी किमान चौदा दिवस तेवीस बाबींचा लेखी तपशील द्यावा लागतो. त्यात कंपनीवरील दावे, सर्व खर्च, चालू दुकानदारांची यादी आणि धंदा सोडून गेलेल्यांची माहितीही येते. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. येथे १८७२ चा करार अधिनियम, १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम आणि लवादाची कलमे यांवरच भिस्त ठेवावी लागते. करार अधिनियमाच्या १७ व्या कलमानुसार केवळ मौन हे सामान्यतः कपट ठरत नाही, म्हणजे आपण जे विचारले नाही ते कंपनीने सांगितले नाही, ही तक्रार न्यायालयात फारशी टिकत नाही. ‘दरमहा इतके उत्पन्न सहज होईल’ हे विक्रेत्याचे वाक्यही, त्याचा आधार लेखी मागितला नसेल तर, वस्तुस्थितीचे विधान न ठरता मताचे विधान म्हणून निसटून जाऊ शकते.

करार तुटल्यास काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांतून मिळते. १९९० च्या इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात, ज्या वितरण-करारात तीस दिवसांच्या नोटिशीने करार संपविण्याची मुभा होती तेथे वितरकाला वितरणाचा हक्क परत न देता तीस दिवसांच्या उत्पन्नाइतकीच भरपाई न्यायालयाने योग्य मानली. १९९५ च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोकाकोला या खटल्यात, कराराची मुदत चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल न हाताळण्याची अट करार अधिनियमाच्या २७ व्या कलमाच्या विरुद्ध नाही, असे ठरले. या दोहोंचा व्यावहारिक अर्थ असा की, नोटिशीची मुदत ही करारातील किरकोळ बाब नसून तीच आपल्या सुरक्षिततेची सीमा होय, आणि करार असेपर्यंत दुसऱ्या मार्गाने पोट भरण्याची मोकळीक आपण सहीबरोबर गहाण टाकीत असतो. मोठ्या भांडवलदारालाही यातून सुटका नसते, हे मॅकडोनाल्ड्सचे उत्तर भारतातील भागीदार विक्रम बक्षी यांच्या प्रकरणाने दाखविले. १९९५ साली सुरू झालेली ती भागीदारी २०१३ पासून वादात सापडली, २०१७ साली १६९ उपाहारगृहांची फ्रँचायझी संपविल्याची घोषणा झाली आणि तडजोड व्हावयास २०१९ उजाडले. बक्षी यांच्यापाशी सहा वर्षे झुंजण्याइतकी ऐपत होती. वर्ध्यातील सेवानिवृत्त शिक्षकापाशी ती नसते, आणि लवादाचे स्थान मुंबई वा दिल्ली असे करारात लिहिलेले असेल तर त्याचा न्याय पहिल्या तारखेच्या प्रवासखर्चातच थकतो.

भांडवलाचा स्रोत हाही जोखमीचाच भाग आहे. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळू शकते, आणि त्या मर्यादेत राहिले तर घर व शेत सुरक्षित राहते. परंतु सजावटीच्या आणि साठ्याच्या मागण्या वाढत जाऊन घराचे गहाणखत होते, अथवा आईच्या नावावरील ठेव मोडली जाते, तेव्हा धंद्यातील तोटा कुटुंबाच्या तोट्यात रूपांतरित होतो. जागेच्या बाबतीतही, भाड्याच्या कराराची अटळ मुदत फ्रँचायझीच्या मुदतीहून अधिक असेल तर नाव गेल्यावरही भाडे चालू राहते. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमानुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, हे सर्वांस ठाऊक असते. दोन्ही मुदती जुळविण्याची तजवीज मात्र क्वचितच कोणी करतो.

मग या क्षेत्रात आवड असलेल्या तरुणाने काय करावे? माझ्या मते त्याने ज्या सेवा तारेवरून येऊ शकत नाहीत त्यांवर धंदा उभारावा. वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आणि धुळीत यंत्रांचे पंखे गच्च होतात, कंट्रोलरच्या काड्या आपोआप सरकू लागतात, टीव्हीला जोडावयाचे पोर्ट तुटते. ही दुरुस्ती आज बहुधा नागपूरला जाते. विद्यार्थ्यांसाठी संगणक जुळवून देणे, जुनी यंत्रे तपासून हमीसह विकणे आणि तासाच्या दराने खेळण्याची नीटनेटकी जागा ठेवणे, यांत नफ्याचे प्रमाण नव्या डिस्कांहून चांगले असू शकते. मात्र तासाने खेळू देण्यासाठी स्थानिक परवान्यांची पूर्तता आणि खेळाच्या हक्कधारकांची व्यावसायिक वापराला संमती लागते, कारण घरगुती वापराची डिस्क पैसे घेऊन खेळविणे हा निराळा व्यवहार आहे. तसेच २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग अधिनियमाने पैशाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली असून ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे. ही रेषा ज्याने कसोशीने पाळली त्याच्याच दुकानात पालक आपली मुले निःशंकपणे पाठवतील.

एवढे सर्व तोलून माझा निष्कर्ष असा आहे की, आजच्या परिस्थितीत वर्धा जिल्ह्यातील कुटुंबाने केवळ यंत्रे आणि डिस्क विकणाऱ्या दुकानाची फ्रँचायझी प्रवेशशुल्क देऊन घेऊ नये. माल कालबाह्य होण्याचा धोका ओळखण्याचे साधन कंपनीपाशी असते. डिस्कविरहित यंत्रे किती खपतात, कोणती दुकाने मिटली, हे तिला आधी कळते. ज्याला धोका आधी दिसतो त्यानेच तो वाहावा, हा कोणत्याही न्याय्य कराराचा पाया आहे, आणि आपल्याकडील प्रचलित करार नेमके याच्या उलट असतात. तरीही ज्याला हे नाव घ्यावयाचेच आहे त्याने पाच गोष्टी लेखी मागाव्यात: रॉयल्टी विक्रीवर न ठेवता ठोक नफ्यावर ठेवावी, ठरावीक दिवसांत न विकलेला माल कंपनीने खरेदीच्या किमतीस परत घ्यावा, जिल्ह्याच्या हद्दीत कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावरून केलेल्या विक्रीत दुकानदाराचा हिस्सा असावा, करार संपविण्याची नोटीस किमान सहा महिन्यांची असावी आणि अनामत परत देण्याची तारीख नमूद असावी, आणि लवादाचे स्थान वर्धा अथवा नागपूर असावे. याखेरीज धंदा सोडून गेलेल्या दुकानदारांची नावे मागून घेऊन त्यांतील दोघातिघांशी प्रत्यक्ष बोलावे, करारनामा आपल्या वकिलाला आणि जमाखर्च आपल्या सनदी लेखापालाला दाखवावा. कंपनीने या मागण्या मान्य केल्या तर जोखीम अंगावर घेण्याजोगी झाली असे समजावे. तिने त्या नाकारल्या तर आपल्या धंद्याच्या भवितव्याविषयी तिचे खरे मत तिने सांगून टाकले असे मानावे, आणि वडिलांची शिल्लक मुलाच्या स्वतःच्या नावाच्या, लहान का होईना, दुकानात घालावी.